ठोका चालू असताना

लीड्स, १६ सप्टेंबर २०१८

बाबा, जय भीम.

परवा माझा प्रबंध जमा केला. एमएस्सी संपली. तुमचा अनुप आता स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, निदान कागदावर तरी. ऑफिसातल्या बाईनं पोच दिली अन् हसून म्हणाली, आता झोपा काढा. बाहेर येऊन पायरीवर बसलो अन् तुम्हाले फोन लावला. बंद. रात्री लावला, बंद. आज सकाळपासून चारदा लावला. काहून बंद ठेवता, बाबा? भावनाताईले विचारलं तर ती जवाहरनगरहून मलेच झापते, "मी महिन्यातून एकदा दोन बस बदलून चिखल्याले जाते, फोनच्या भरवशावर राहत नाही."

म्हणून पत्र लिहून राहिलो. विहार समितीचं प्रोसिडिंग तुम्ही पंधरा वर्षं लिहिलं, उत्तर लिहिणं काही जड जाणार नाही.

आता नीट ऐका. माझा व्हिसा २१ जानेवारीपर्यंत आहे. तोवर एखाद्या कंपनीनं नोकरी दिली पाहिजे, अन् 'हा माणूस आम्हाले पाहिजे' असं इथल्या सरकारले लिहून दिलं पाहिजे. नाहीतर बॅग भरायची. चौदा ठिकाणी अर्ज केले आहेत. प्रत्येक अर्जात एक चौकोन असते: व्हिसासाठी कंपनीची मदत लागेल का? 'हो' वर खूण केली की दोन दिवसांत 'क्षमस्व' येते. एका ठिकाणाहून तर चाळीस मिनिटांत आलं, त्यांनी वाचलं कधी कोण जाणे.

आम्ही पाच जण राहत होतो त्या घरातले चौघं गेले. फ्रीजमध्ये प्रत्येकाचा एकेक कप्पा होता. आता चार कप्पे रिकामे आहेत, तरी मी दूध माझ्याच कप्प्यात ठेवतो. काल किती वेळ कोणाशी बोललो नाही याचा हिशेब केला, तर दुकानातल्या माणसाले 'पिशवी नको' म्हटलं, तेवढंच. खांदा कसा आहे? बाम लावता का? मी नसल्यावर ते कोण चोळून देते, हा प्रश्नच आहे.

तुमचा,
अनुप

---

चिखला, ३ ऑक्टोबर २०१८

अनुप, जय भीम.

पत्र भेटलं. पोस्टमन स्वतः घरी आला, म्हणे विलायतचा शिक्का आहे. चौकात दोन जणांनी हातात घेऊन पाहिलं, मग मले दिलं.

तू पास झाला, लय बरं झालं. तुझी आई असती त गल्लीभर साखर वाटली असती. माझ्यासंगं खाणीत होता त्या गुलाबले सांगितलं. तो म्हणे, पार्टी द्या. मी म्हटलं, नोकरी लागू दे.

मोबाइल खराब आहे. बटन दबत नाही. दुरुस्तीले तुमसरले जा लागते, जाईन कधीतरी. तू पत्रच लिहत जा. तुझं अक्षर बिघडलं आहे, तेही सुधरन.

खांदा ठीक आहे. त्याचं नाव काढू नको.

माझं रोजचं तेच. पहाटे उठतो. फर्स्ट पाळीची माणसं खाणीवर जातात, तेव्हा चौकात जाऊन बसतो. दोन वर्षं झाले रिटायर होऊन, पण त्या टायमाले झोप येतच नाही. पाळी गेली की चौक रिकामा होते. मग घरी येतो. परवा वरणात मीठ दोनदा पडलं, तसंच खाल्लं.

तू इकडची काळजी करू नको. रिकाम्या घरात बसून राहू नको, माणसात जात जा. अन् एक सांग, तू इंजिनिअर म्हणजे नवीन बिल्डिंग बांधशीन का जुनी पाहशीन? गुलाब विचारून राहिला होता, मले सांगता नाही आलं.

परसराम रामटेके
(सही सवयीनं झाली. बाबा.)

---

लीड्स, २१ ऑक्टोबर २०१८

बाबा, जय भीम.

बटन दबत नाही म्हणता, म्हणून ताईकडून नवा फोन पाठवला. गेल्या रविवारी ती तुमच्यासमोर बसली होती, मी लावला, तिनं तुमच्या हातात दिला. मी विचारलं, खांदा कसा आहे. तुम्ही म्हणाले, "हो हो, जेवण झालं. तू बरा राहा." अन् फोन ताईच्या हातात. मी मोजलं नाही, पण चहाचा घोट घ्यायले जास्त वेळ लागते. दुसऱ्या दिवसापासून नवा फोनही बंद. त्याचंही बटन दबत नाही का?

मले समजत नाही असं समजू नका. दोन-चार वाक्यं बोलायची तुम्हाले इच्छा नाही, एवढं समजलं आहे.

असो. एकतीस अर्ज झाले, सत्तावीस 'क्षमस्व'. शनिवार-रविवार एका गोदामात खोकी उचलतो. तिथला मुकादम मले 'ॲनी' म्हणते, मी दुरुस्त करणं सोडून दिलं.

पण एक ठिकाण आहे. छोटी कंपनी, सारे मिळून अकरा माणसं. गुलाबकाकाले सांगा, ते नवीन बांधत नाहीत, जुनं पाहतात. शंभर-दीडशे वर्षांच्या सूतगिरण्या, चर्च, शाळा. भिंतीबाहेरचा गिलावा, दगड, काँक्रीट आतून सुटलं का ते तपासतात, मग दुरुस्तीचं डिझाइन करतात. तपासतात कसं? हातोडीनं ठोकून! आवाजावरून पोकळ जागा ओळखायची. जाहिरात वाचून मी एकटाच हसलो. जे काम करावं लागू नये म्हणून तुम्ही मले शाळेत पाठवलं, तेच काम मले इथं इंजिनिअर म्हणून करायचं आहे.

मुलाखत २२ नोव्हेंबरले, थेट साइटवर. पुस्तकात याबद्दल चार ओळी आहेत, त्याही कामाच्या नाहीत. तुम्ही तीस वर्षं खाणीत लोखंडी सब्बलनं छत ठोकून सुटलेला दगड ओळखला, तुमच्या 'हो' शिवाय गँग आत पाय टाकत नव्हती. मले लिहून पाठवता का? फोनवर विचारलं असतं, पण तुमचं तुम्हाले माहीत.

अनुप

---

चिखला, ४ नोव्हेंबर २०१८

अनुप, जय भीम.

तुझं पत्र काल भेटलं. आज सकाळपासून हेच लिहून राहिलो. गुलाबले बोलावलं होतं, तो मध्ये मध्ये 'हे लिहा, ते लिहा' करते, शेवटी त्याले हाकलला.

पहिली गोष्ट. हातोडी हलकी घे. जोर लावणारा माणूस फक्त स्वतःचाच आवाज ऐकते. मनगट ढिलं सोड. ठोक अन् थांब. पोट्टे काय करतात, ठोकठोकठोक करत सुटतात, जसं काही दार वाजवून राहिले.

दुसरी गोष्ट. सुरुवात चांगल्या जागेवरून कर. जी जागा पक्की आहे हे डोळ्याले दिसते, तिथं आठ-दहा ठोके दे. तो आवाज मनात बसू दे. मग पुढं सरक. पक्की जागा 'खण' करते अन् हातोडी परत फेकते. सुटलेली जागा 'भद' करते अन् हातोडी थोडी आत घेते. या दोघांच्या मधली जागा असते, ती खरी वाईट. तिथं घाई नको. तिथं पुन्हा ठोक, बाजूनं ठोक.

तिसरी. नुसत्या कानावर राहू नको. दुसऱ्या हाताचा पंजा भिंतीवर टेकव, ठोक्याच्या बाजूले. सुटलेला भाग बोटाले गुदगुली केल्यासारखा थरथरते. कान चुकू शकते, हात नाही चुकत. हे मले उशिरा समजलं.

चौथी, अन् सर्वात मोठी. ठोका चालू असताना कोणी बोलायचं नाही. कोणीच नाही. आमच्या गँगमध्ये मायनिंग सरदार असो का मोठा साहेब, मी सब्बल उचलली की चूप. एकदा एक साहेब नागपूरहून आले, बोलतच होते. मी सब्बल खाली ठेवली अन् बसून गेलो. ते म्हणे काय झालं? गुलाब म्हणे, साहेब, तुमचं होऊ द्या, मग आमचं सुरू करतो. ते चूप झाले. त्यांनी नंतर चहा पाजला.

आणखी, थंडीत जाशीन त हात गरम करून जा. अकडलेल्या हाताले काही समजत नाही.

लय दिवसांनी या कामाचं कोणी विचारलं. दुपारचं जेवायचं राहून गेलं.

बाबा

---

लीड्स, २ डिसेंबर २०१८

बाबा, जय भीम.

काय करून ठेवलं तुम्ही!

तुमचं पत्र मुलाखतीच्या पाच दिवस आधी भेटलं. पाठ केलं. साइट म्हणजे जुनी सूतगिरणी, पाच मजली, बाहेरून परांची बांधलेली. कंपनीची मालकीण हेलन, पंचावन्नची असन, डोक्यावर घासलेलं हेल्मेट. सोबत आणखी दोन इंजिनिअर. चौथ्या मजल्यावर नेलं, हातोडी दिली अन् म्हणाल्या, हा दहा फुटांचा पट्टा तपासा. मी खिशातून हात काढले, चोळले, पक्की जागा शोधली, अन् पहिला ठोका दिला. तेवढ्यात मागून हेलनबाई विचारतात, "तुम्ही एमएस्सीत कशावर काम केलं?"

बाबा, माझा हात आपोआप वर गेला अन् तोंडातून निघालं, "चूप!"

मराठीत! पण कोणत्याही देशात समजावं असंच. अन् मी वळूनही पाहिलं नाही. पंचवीस मिनिटं मी ठोकत होतो, खडूनं खुणा करत होतो, अन् तिघं जण वाऱ्यात पुतळ्यासारखे उभे. शेवटची खूण केली तेव्हा भानावर आलो. जिची नोकरी मागायले आलो तिलेच चूप बसवलं! माफी मागितली, सांगितलं की माझे वडील खाणीत छत ठोकायचे, त्यांचा हा नियम आहे. हेलनबाई पुढं आल्या. स्वतः हातोडी घेऊन माझ्या प्रत्येक खुणेवर ठोकलं. मग खाली उतरलो, हात मिळवला, बस. मी घरी येऊन तीन दिवस स्वतःले शिव्या दिल्या.

परवा शुक्रवारी पत्र आलं. मले घेतलं! ग्रॅज्युएट इंजिनिअर. व्हिसाचं सारं ते करून देणार. खाली हेलनबाईनं पेनानं लिहिलं आहे, "आमच्याकडच्या लोकांनाही गप्प बसायला शिकवा." ४ जानेवारीपर्यंत सही करून द्यायची आहे.

आता पुढचं ऐका. पत्र वाचलं तेव्हा घरात कोणी नव्हतं. मी तुम्हाले फोन लावला. तुमच्याकडे रात्रीचे आठ वाजले असतील. बंद. शनिवारी सकाळी, बंद. दुपारी, बंद. ताईले मी अजून सांगितलं नाही, कारण पहिले तुम्हाले सांगायचं होतं. सव्वा वर्षात एकच बातमी सांगण्यासारखी होती अन् ती ऐकायले माझ्याजवळ एक माणूस नाही. शेवटी मी ती बातमी त्या रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्यानं बोलून पाहिली. कसं वाटलं असेल, विचार करा.

मी गेलो हे तुम्हाले पटलं नव्हतं, तर तेव्हाच सांगायचं होतं. आई गेली, ताईचं लग्न झालं, अन् मी तुम्हाले टाकून आलो, हे मले रोज दिसते. पण शिक्षा द्यायची तर तोंडानं द्या. पत्रात हातोडीबद्दल चार पानं लिहिता अन् माझा आवाज दोन मिनिटं सहन होत नाही?

मी ठरवलं आहे. सही करत नाही. १२ जानेवारीचं तिकीट पाहून ठेवलं आहे. समोर येऊन उभा राहतो, मग तरी बोलाल.

अनुप

---

चिखला, १३ डिसेंबर २०१८
(स्पीड पोस्ट)

अनुप,

तिकीट काढू नको. आधी हे पूर्ण वाच, दोनदा वाच.

फोन चांगला आहे. पहिला बी चांगला होता. कान गेले आहेत माझे. डावा पूर्ण गेला, उजव्यानं थोडं येते, तेही समोरच्याचं तोंड दिसलं तर. फोनमध्ये तोंड दिसत नाही. नुसता गरगर आवाज येते, जसं पंपाच्या घरात उभं राहून ऐकावं. त्यात तू कोणता, मले समजत नाही. म्हणून मी 'हो हो, जेवण झालं' म्हणतो. लोक बहुतेक तेच विचारतात.

२०१४ साली, तू कॉलेजात होता तेव्हा, फर्स्ट पाळीले छत ठोकून राहिलो होतो. एक ठोका दिला, दुसरा दिला. दोन्ही सारखेच. तिसरा दिला. मागं आठ माणसं चूप उभी, माझ्या तोंडाकडं पाहून राहिली. मी 'हो' म्हणावं अन् त्यांनी आत जावं. मले 'हो' म्हणता येईना अन् 'नाही' बी म्हणता येईना. मी सब्बल खाली केली, गुलाबले म्हटलं, माझा खांदा गेला, तू पाहा. त्याच दिवशी साहेबाले बी खांदाच सांगितला. मले वर दिव्यांच्या खोलीत बसवलं, टोपीचे दिवे वाटायले. रिटायर होईपर्यंत तिथंच होतो. खांद्याले काही झालं नव्हतं, अनुप. तू सुट्टीत यायचा अन् अर्धा अर्धा तास बाम चोळायचा, तेव्हा लाजेनं जीव अर्धा होत होता. पण सांगता येत नव्हतं. ज्याच्या कानावर आठ घरं चालत होती त्यानं कोणत्या तोंडानं सांगावं?

तुझ्या आईले, धुरपताले, माहीत होतं. तिनं बोभाटा केला नाही. ती समोर येऊन उभी राहायची, मग बोलायची. चार माणसांत असलो की मधात उत्तर ती द्यायची. धुरपता गेली तेव्हापासून समोर येऊन कोणी बोलत नाही. भावनाले माहीत नाही, कारण ती लहानपणापासून ओरडूनच बोलते, तिचं मले ऐकू येते.

तुले सांगितलं असतं त तू गेला नसता. तुझा पासपोर्ट आला त्या दिवशी मी ठरवलं, हे कळू द्यायचं नाही. त्यात तू असं समजशीन की बाप रागावला, हे माझ्या डोक्यातच नाही आलं. मी कशाले रागावू? तू तिकडं गेला त गुलाब अन् मी मिळून तुमसरले जाऊन जगाचा नकाशा घेऊन आलो. भिंतीवर आहे.

भंडाऱ्याले डॉक्टरले दाखवलं. म्हणते नस सुकली, वय झालं. मशीन लावून पाहिली, तिच्यात भांडे पडल्यासारखे आवाज येतात. काढून ठेवली.

आता आणखी एक लिहितो, एकदाच. मले करमत नाही. अजिबात करमत नाही. पाळी गेल्यावर चौकात एकटाच बसलो असतो तेव्हा वाटते, कोणीतरी यावं. तू आला पाहिजे असंही वाटते. रोज वाटते. पण तू नोकरी टाकून आला, त आठ दिवस आपण एकमेकाचं तोंड पाहू, मग काय करू? तू तुमसरच्या एखाद्या ठेकेदाराच्या मागं फिरशीन अन् मी ते पाहत बसीन. ते मले नाही पाहवणार.

नोकरी लागल्याचं पत्र मी गुलाबकडून मोठ्यानं वाचून घेतलं. मी वाचलं होतं, पण म्हटलं, त्याच्या तोंडावर पाहू दे. 'चूप' आलं तेव्हा तो इतका हसला की खोकला लागला. मी बी हसलो.

सही कर. येऊ नको.

बाबा

---

लीड्स, ६ जानेवारी २०१९

बाबा, जय भीम.

तुमचं पत्र २७ डिसेंबरले आलं. इथं सगळं बंद होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतका राग आला की पत्र टेबलावर आपटलं. चार वर्षं लपवलं! तीन वर्षं तुम्ही मले बाम चोळायले लावलं! मग दुसऱ्यांदा वाचलं. आईचं आलं तिथं थांबलो. ती तुमच्यासमोर येऊन उभी राहायची अन् मग बोलायची, हे मी कॉलेजच्या सुट्टीत आलो की पाहायचो, मले वाटे ती भांडायच्या तयारीत आहे. रडू आलं, अन् कोणी नव्हतं म्हणून मनसोक्त रडलो.

मी वाईट बोललो. माफ करा म्हणणं सोपं आहे, तेही म्हणतो. पण आणखी एक सांगायचं आहे, ते सोपं नाही. तुम्ही खरं लिहिलं, तर मीही लिहितो.

१२ तारखेचं तिकीट मी पाहून ठेवलं होतं, काढलं नव्हतं. तुम्ही 'ये' म्हणाले असते तर काढलं असतं का, हे मी आठ दिवस स्वतःले विचारलं. उत्तर चांगलं नाही आलं. मले इथं राहायचं आहे, बाबा. तुम्ही सांगता म्हणून नाही, व्हिसा मिळते म्हणून नाही. त्या दिवशी परांचीवर उभा राहून भिंतीले हात लावला, बोटाले ती थरथर लागली, अन् वाटलं की माझं काम हेच आहे. हे सांगायची लाज वाटत होती. म्हणून मी सारखा म्हणत होतो की बाबा बोलत नाहीत, बाबा रागावले. तुम्ही रागावले असाल तर मले बरंच पडत होतं, इथं राहिल्याचा दोष तुमच्यावर टाकता येत होता.

शुक्रवारी सही करून दिली. व्हिसाची मंजुरी आली की त्याच्या पुढच्या सोमवारी जॉइन. हेलनबाईनं बूट अन् हेल्मेटचं माप घेतलं. सुट्टी जुलैमध्ये मिळते, तीन आठवडे. येईन तेव्हा समोर उभा राहून बोलीन, हळू, तोंड उघडून. ताईले मात्र तुम्ही सांगा. माझ्याकडून कळलं तर ती दोघांचाही जीव घेईल.

तुम्ही एकटे आहात, तुम्हाले करमत नाही, ऐकू येत नाही. हे सारं माहीत असताना मी सही केली. माझ्या हातानं, शुद्धीत. आता मात्र खरंच रागावण्यासारखं झालं आहे. तर रागवा, बाबा. पण लिहून रागवा, पानं भरून रागवा. मी वाचीन.

मलेही इथं करमत नाही.

तुमचा,
अनुप